बीफ, स्टाउट आणि पंचशील: सोडणं आणि सोडायला लावणं



गेल्या महिन्यात आम्ही घरी केलेल्या बीफ-स्टाउट स्ट्यूचा फोटो गावाकडच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस वाद चालला. एका दादाने विचारलं, "बौद्धाच्या घरात बिअर? बावीस प्रतिज्ञा विसरलात का?" एका ताईंनी लिहिलं, "बाबासाहेबांनी महाडला सोडा म्हणून सांगितलं ना? मग परदेशात जाऊन पुन्हा तेच का?" तिसऱ्याने नुसत्या मुठी आणि आगीचे इमोजी पाठवले, जणू एक ताट बीफ खाल्लं की अर्धी मनुस्मृती जळाली. चौथा पोरगा मनाने सरळ आहे, आणि त्याचाच प्रश्न सगळ्यांत अवघड होता. "धम्मासाठी दारू सोडता, तर कोट्यवधी लोकांच्या भावनेसाठी बीफ का सोडत नाही? सोडणं ते सोडणंच की."

हा लेख त्या पोरासाठी आहे. बाकीच्यांनाही ओघात उत्तर मिळेल.

आम्ही दोघं तीन वर्षांपासून डब्लिनमध्ये आहोत, बेघरांच्या निवाऱ्यात काम करतो. स्ट्यू आम्हाला निवाऱ्यातल्या एका वयस्क सहकारी बाईंनी शिकवला. त्या कॉर्कच्या. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही, की महाग मांस घेऊ नका. जनावराच्या पायाची पिंढरी घ्या, इकडे तिला शिन म्हणतात. जी जागा आयुष्यभर चालली, तिथलं मांस चिवट, शिरा-पडद्यांनी भरलेलं, म्हणून स्वस्त. पण तीच गोष्ट मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवली की पडद्यांतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठाला चिकटायला लागतो. श्रीमंताचं कोवळं मांस याच पातेल्यात टाकलं तर कोरडं, भुसकट होतं. आमच्या आजीला कोलॅजन हा शब्द माहीत नव्हता, पण कोणती बोटी किती वेळ चुलीवर हवी हे तिला तोंडपाठ होतं. चिवट वाटा ज्यांच्या वाट्याला आला त्यांनीच हे शास्त्र उभं केलं, मग ते कॉर्क असो की आमचं मराठवाडा.

कृती अवघड नाही. किलोभर शिनचे मोठे तुकडे पुसून कोरडे करायचे, मीठ-मिरी लावायची आणि जाड बुडाच्या पातेल्यात कडक तेलात थोडे थोडे घेऊन चांगले तांबूस करायचे. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी शिजतं, तिथेच चव गेली. तुकडे काढून त्याच तेलात तीन कांदे, चार पाकळ्या लसूण, दोन चमचे टोमॅटोची प्युरी, दोन चमचे मैदा. मग ४४० मिलीचा स्टाउटचा एक कॅन ओतायचा आणि बुडाला धरलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्यायचं. खरी चव त्या खरवडीत असते. अर्धा लिटर गरम पाणी किंवा हाडांचं पाणी, थाईमची काडी, बे लीफ, मांस परत आत, झाकण, मंद आच. शेवटच्या पाऊण तासात गाजर आणि बटाटे. स्टाउटचा कडवटपणा मोडायला आम्ही सुपारीएवढा गूळ टाकतो. कॉर्कच्या बाईंना गूळ पटला नाही, पण त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

स्टाउट काळी का असते? त्यात बार्ली कॉफीसारखी करपेपर्यंत भाजून घालतात. तो भाजका, किंचित कडू वास आम्हाला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. आमच्याकडे येसूर करताना धान्य आणि मसाला भाजायला घेतला की गल्लीभर जो वास सुटतो, त्याच्याच घरातला हा वास. येसूर रश्श्याला दाटपणा देतो आणि रंगही देतो, इकडे ते काम मैदा आणि स्टाउट मिळून करतात. सांगायचा मुद्दा, या पदार्थाला स्टाउट लागते ती भाजक्या बार्लीसाठी. अल्कोहोलची चवीत फारशी गरज नाही.

म्हणून पहिल्या दादाला उत्तर. आमच्या पातेल्यात जी स्टाउट जाते ती अल्कोहोल काढलेली असते. ती नेहमीसारखीच बनवतात आणि मग अल्कोहोल वेगळं काढतात. कॅनवर शून्य-शून्य लिहिलेलं असतं, इकडे कुठल्याही दुकानात मिळते. फोटोत तो कॅन दिसत होता, पण आपल्या लोकांना बाटली-कॅन दिसला की पुढचं वाचायचा धीर राहत नाही. ज्यांना साधी स्टाउट घालायची असेल त्यांनी हिशोब करून ठरवावं. साध्या कॅनमध्ये ४.२ टक्क्यांनी साधारण साडेअठरा मिली अल्कोहोल असतं. "शिजवल्यावर सगळं उडून जातं" हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास शिजवल्यावर ३५ टक्के उरतं, एक तासाने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५. म्हणजे सहा माणसांच्या पातेल्यात मिळून सुमारे एक मिली. याने कोणी झिंगत नाही. तरी आम्ही शून्यवालीच घालतो. आमची आई वस्तीतल्या बायकांबरोबर दारूचे गुत्ते बंद पाडायला गेलेली आहे, आणि रोज रात्री निवाऱ्यात आमच्यासमोर येणाऱ्या माणसांत दारूने घर गमावलेले किती असतात हे आम्ही पाहतो. त्यांच्यापैकी कोणी कधी घरी जेवायला आला तर त्याला ताटाकडे संशयाने बघावं लागू नये. पाचव्या शीलात नुसता मद्याचा उल्लेख नाही, प्रमादाचाही आहे. शुद्ध हरपली की आधीच्या चार शीलांचं राखण करणारं कोणी उरत नाही, एवढा साधा व्यवहार त्यात आहे.

आयर्लंडलाही हा व्यवहार ठाऊक आहे. "दारुडा आयरिश" ही इंग्रजांनी रंगवलेली प्रतिमा जगभर चालते, पण याच देशात १८३८ मध्ये कॉर्कमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूने दारू न पिण्याची शपथ देणं सुरू केलं आणि काही वर्षांत लाखो लोकांनी ती घेतली. पुढे १८९८ मध्ये सुरू झालेल्या एका कॅथलिक संघटनेचे सभासद आजही कोटाला छोटी पिन लावून आपण पीत नाही हे सांगतात. गरीब, भुकेला, गुलाम समाज स्वतःला सावरायला लागला की पहिल्यांदा दारूकडे बघतो. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे ती याच कारणाने. ती आम्ही घेतली, हात वर करून, आमच्या तोंडाने. पोलिसांनी घ्यायला लावली नाही.

आता बीफ.

पर्यटकांना वाटतं, हा स्ट्यू म्हणजे आयरिश माणसाचं हजारो वर्षांचं जेवण. तसं नाही. जुना आयरिश स्ट्यू मेंढीच्या मांसाचा, कांदा-बटाट्याचा. बीफ पिकवणारा आयरिश शेतकरी बीफ खात नव्हता, त्याला ते परवडतच नव्हतं. जमीन मोठ्या प्रमाणात इंग्रज-प्रोटेस्टंट जमीनदारांची, कूळ कॅथलिक आयरिश. गाय-बैल वाढवायचे ते खंडासाठी. डुकराला तर विनोदाने "भाडं भरणारे साहेब" म्हणायचे. १६६७ च्या कायद्याने आयर्लंडची जिवंत जनावरं इंग्लंडमध्ये आणायला बंदी झाली, कारण इंग्रज गोपालकांना स्पर्धा नको होती. मग कॉर्क बंदरातून खारवलेलं बीफ पिंपंच्या पिंपं भरून बाहेर जाऊ लागलं, इंग्रजांच्या आरमाराला आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांना. मांस जहाजावर चढलं, कॉर्कच्या गरिबाला उरली आतडी, पोट आणि रक्त. त्याची ट्राइप आणि ड्रिशीन ही जोडी आजही कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये विकत मिळते. ड्रिशीन म्हणजे आतड्यात भरून शिजवलेलं रक्त. बाईंनी आम्हाला ते जरा संकोचाने दाखवलं, की यांना किळस येईल. आम्ही म्हणालो, आमच्याकडे याची रक्ती करतात, कांदा-मिरची घालून. त्या बाई आमच्याशी मोकळ्या झाल्या त्या तिथून.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या सगळ्या वर्षांत धान्य आणि जनावरं जहाजांतून इंग्लंडला जातच होती. जे न्यूयॉर्कला पोचले त्यांच्या पदरात मजुरी पडायला लागली, तेव्हा त्यांनी ज्यू खाटकांकडून खारवलेलं बीफ घेतलं आणि सणाच्या दिवशी ताटात ठेवलं. जे मायदेशी वाढवलं ते अमेरिकेत जाऊन खाल्लं. आयर्लंड आज श्रीमंत आहे, तरी इथल्या बीफपैकी सुमारे ९० टक्के अजून निर्यातच होतं. पण उरलेल्यातून घरातल्या माणसाने शिनचा स्ट्यू केला तर त्याला कोणी विचारत नाही. बोर्डावर "राष्ट्रीय पदार्थ" लिहून पर्यटकाकडून वीस युरो घेतात ते वेगळंच.

इथे महाडवाल्या ताईंना उत्तर द्यायला हवं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्ट्या तुकड्यांवरचं जगणं सोडायला सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकत्र का सांगितल्या याचा विचार आपण करत नाही. गावात गाय मेली की ती ओढायचं काम महाराचं. ते काम करतो म्हणून ते मांस त्याचं, आणि ते मांस खातो म्हणून तो अस्पृश्य. असा हा फास होता. त्याला नकार देणं म्हणजे जातीने लादलेल्या कामाला आणि त्या कामाच्या मोबदल्यात फेकलेल्या तुकड्याला नकार देणं. रोजगाराच्या पैशांनी खाटकाकडून तोलून घेतलेल्या मांसाची ती गोष्ट नव्हती. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी तर वैदिक साहित्यातून दाखवून दिलं की एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते आणि ते त्यांनी बौद्ध धम्मावर मात करण्यासाठी सोडलं. म्हणजे सोडणाऱ्याचा हेतू राजकारणाचा, आणि शिक्षा मात्र जो सोडू शकला नाही त्याला.

जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गोरक्षकांनी बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला, सुरेंद्रनगरला सरकारी कचेरीसमोर सापळे नेऊन टाकले. तो महाडचाच नकार होता. आणि तेव्हा कळलं की गाय "माता" असली तरी तिचं मढं उचलायला लेकरं दुसरीच लागतात.

मग पोराचा प्रश्न: स्वतःहून सोडायला काय हरकत आहे?

काहीच नाही. आमच्या ओळखीचे कितीतरी बौद्ध मांस खात नाहीत, धम्मामुळे किंवा पोटामुळे. आम्ही त्यांना आग्रह करत नाही. यावर तथागतांच्या काळातच वाद होऊन गेलेला आहे. देवदत्ताने पाच मागण्या मांडल्या, त्यात एक होती की कोणत्याही भिक्खूने जन्मभर मासे-मांस खाऊ नये, खाल्लं तर दोष लागावा. ऐकायला किती पवित्र! बुद्धांनी ती सक्ती नाकारली. ज्याला पाळायचं त्याने पाळावं. मांस आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंका नसेल तर भिक्खूलाही ते चालतं, असं विनयात आहे. देवदत्ताने याच मुद्द्यावर संघ फोडला. शाकाहाराची सक्ती करून शुद्ध ठरणारे आणि त्यावरून माणसं तोडणारे लोक आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहेत, एवढंच यातून दिसतं.

शील आपण घेतो, ते मोडलं तर आपल्यालाच टोचतं. बंदी दुसरा घालतो, ती मोडली तर तो आपल्या दारात येतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच. २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि त्यात बैल आणि वळूही आले, कापल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. नुसतं मांस बाळगणंही गुन्हा केलं होतं. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस घरात असणं हा गुन्हा ठरवणारं कलम आणि आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करावं हे कलम रद्द केलं. म्हैस-रेडा आजही कायद्याने चालतो. पण आमच्या आईने चान्या गच्चीवर वाळत घालणं बंद केलं आहे, आता खोलीत दोरी बांधते, पंख्याखाली. मांस रेड्याचं, दुकान परवान्याचं, तरीही. फोनवर आम्ही स्ट्यूचं सांगायला लागलो तर म्हणाली, "अरे, मोठ्याचं-बिठ्याचं फोनवर बोलू नका बाबांनो. कोण ऐकत असंल." साठीच्या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या जेवणाचं नाव घ्यायची भीती. याला जर कोणी "भावनेसाठी सोडणं" म्हणत असेल, तर आईच्या भावनेचं काय करायचं ते आधी सांगा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी स्वतः घटनेत कलम ४८ घेतलं. यातही आयर्लंड आहे, म्हणून थोडं सांगतो. राज्याला दिशा देणारी पण न्यायालयात दावा लावता न येणारी तत्त्वं घटनेत ठेवायची, ही कल्पना आपण १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतली. त्यांच्या त्या यादीत गाय नाही, गाईंचा देश असूनही. आपल्या यादीत ती २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकुरदास भार्गव यांच्या दुरुस्तीने आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. गोहत्याबंदी मूलभूत हक्कांतच घाला असा आग्रह धरणारेही सभागृहात होते, तो मान्य झाला नाही. आलेल्या कलमाची भाषाही शेती आणि पशुसंवर्धनाची आहे, धर्माची नाही. त्याच चर्चेत झहीरुल हसनैन लारी यांनी बहुसंख्याकांना सांगितलं होतं की बंदी हवी असेल तर आडपडदा न ठेवता स्पष्ट सांगा. तो आडपडदा आजही तसाच आहे.

आयर्लंडला स्वर्ग समजू नका. इथे ट्रॅव्हलर नावाचा भटका समाज आहे. मार्च २०१७ मध्ये सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली, पण त्यांना घर नाकारणं, पबमध्ये जागा न देणं सुरूच आहे. आमच्या निवाऱ्यात ते येतात. दुष्काळाची स्मारकं बांधणारा समाज आपल्यातल्या भटक्याला दारात उभं करत नाही, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं, इथे डोळ्यांनी पाहिलं. आणि आपले भारतीय? आम्ही आलो तेव्हा पहिली खोली एका मराठी घरात बघितली. आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "किचनमध्ये ते चालणार नाही हं." विमानाचं तिकीट काढलं म्हणून जात मागे राहत नाही. मुठीच्या इमोजीवाल्या भावाने हे लक्षात घ्यावं: बीफ खाल्ल्याने जात जात नाही, तशी ते सोडल्यानेही जात नाही. ताट आपलं, निवड आपली, एवढा हक्क मात्र लढून घ्यावा लागेल, आणि तो एका फोटोने मिळणार नाही. शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद केली, त्या कामाचं मोल आम्हाला अशा दहा फोटोंपेक्षा जास्त वाटतं. आपापल्या आज्यांकडून लिहून घ्या, वेळ थोडा आहे.

ज्यांनी रेसिपी मागितली त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात रेड्याची पिंढरी घ्या, ती जास्त चिवट असते, उघड्या पातेल्यात साडेतीन तास धरा किंवा कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. शून्यवाली स्टाउट मिळाली नाही तर अर्धा कप बिनसाखरेची काळी कॉफी आणि दोन चमचे येसूर, मैदा नको. बटाटे नंतर घालून झाकण न लावता शिजवा. भाताबरोबर जमत नाही, ज्वारीची भाकरी कुस्करा. इकडे ताक आणि खायचा सोडा घालून केलेला सोडा ब्रेड असतो, त्याची कृती पुढे कधीतरी. आणि खाटकाकडून पावती मागून घ्या, मांस संपेपर्यंत ती जपून ठेवा.